ऑनलाइन नोकरी शोधताना नेहमी पडणारे प्रश्न

ओळखीतली माणसं रेझ्युमे बघायला पाठवतात आणि सोबत दोन-चार प्रश्नही पाठवतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. सगळं वाचायची गरज नाही, जिथं अडलंय तेवढं वाचा.

दोन महिन्यांत दीडशे अर्ज केले. एकाचंही उत्तर नाही. काय चुकतंय?

बहुधा दीडशे हा आकडाच चुकतोय. एका क्लिकमध्ये अर्ज पाठवायची सोय तुमच्यासाठी झाली तशी सगळ्यांसाठीच झाली. जाहिरात पडली की बघता बघता अर्जांचा ढीग लागतो आणि पलीकडचा माणूस वरवरचे काही चाळून त्यातल्या आठ-दहा जणांना फोन लावतो. काही काळ मी टेबलाच्या त्या बाजूला बसलो आहे. साठ-सत्तर अर्ज वाचून झाले की आपण नेमकं काय शोधतोय तेच धूसर होतं. मग सहकाऱ्यानं ‘हा एक बघून घे’ म्हणून सांगितलेला अर्ज आपोआप वर येतो. हे न्याय्य नाही, पण होतं असंच.

म्हणून आठवड्याला पाच-सहाच अर्ज करा आणि एकेकाला तास-दीड तास द्या. जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. कंपनी कशातून पैसे कमावते ते समजून घ्या, रेझ्युमेचा वरचा भाग त्या कामासाठी बदला आणि तिथं काम करणारा एक तरी माणूस गाठा. त्याला काय लिहायचं ते पुढे सांगितलं आहे.

सोबत एक साधी एक्सेल शीट ठेवा: कुठे अर्ज केला, कधी केला, कोणता रेझ्युमे पाठवला, पुढे काय झालं. महिनाभरानं ती नीट बघा. फोनच येत नसतील तर रेझ्युमेत खोट आहे किंवा जागा चुकीच्या निवडल्या जाताहेत. फोन येऊन पुढे काही होत नसेल तर पगाराची अपेक्षा किंवा नोटीस पिरियड आडवा येतोय का ते बघा. मुलाखती होऊन ऑफर येत नसेल, तर रेझ्युमेला हातही लावू नका. तो त्याचं काम करतोय, दुखणं मुलाखतीत आहे. लोक नेमकं याच टप्प्यावर पाचव्यांदा रेझ्युमे बदलत बसतात.

इतक्या साइट आहेत. खातं कुठे कुठे उघडायचं?

साइट दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची कामं वेगळी आहेत. मॉन्स्टर १९९४ मध्ये सुरू झाली ती जाहिरातींचा फलक म्हणून: कंपनीनं पैसे भरून जाहिरात लावायची, तुम्ही अर्ज करायचा. २००४ मध्ये आलेल्या इंडीडनं ठिकठिकाणच्या जाहिराती गोळा करून एका शोधात दाखवायला सुरुवात केली. गूगलच्या शोधातही २०१७ पासून नोकऱ्या वेगळ्या चौकटीत दिसू लागल्या. लिंक्डइन २००३ मध्ये सुरू झालं ते माणसांच्या ओळखींचं जाळं म्हणून, नोकऱ्या त्यावर नंतर आल्या. ग्लासडोअर २००८ चं, तिथं कर्मचारी कंपनीबद्दल आणि पगाराबद्दल लिहितात.

जाहिराती एकत्र दाखवणारी एक साइट, लिंक्डइन आणि तुमच्या क्षेत्राची खास एखादी साइट, एवढं पुरे. प्रोग्रामरला कोड मांडायला गिटहब लागतंच, डिझायनरला कामं दाखवायला बिहान्स. याशिवाय ज्या दहा-पंधरा कंपन्यांत खरंच काम करायचंय त्यांच्या स्वतःच्या करिअर पानांवर अलर्ट लावा. जागा बहुतेकदा आधी तिथं झळकते. दुसऱ्या साइटवर जाहिरात दिसली तरी अर्ज शक्यतो कंपनीच्याच पानावरून करा.

शोधताना हव्या तशा जागा दिसतच नाहीत. नको त्याच येतात.

एकाच कामाला दहा कंपन्यांत दहा नावं असतात. तुम्ही ‘कंटेंट रायटर’ शोधत बसता आणि तुमची जागा ‘टेक्निकल रायटर’ किंवा ‘यूएक्स रायटर’ नावाखाली पडलेली असते. आधी नावांची यादी करा. त्यासाठी दोन फुकट आणि फारशा कुणाला माहीत नसलेल्या साइट आहेत: अमेरिकी श्रम खात्याची ओ-नेट आणि युरोपीय आयोगाची एस्को. एखादा व्यवसाय शोधला की त्याची पर्यायी नावं आणि लागणारी कौशल्यं समोर येतात. क्षेत्र बदलायचं असेल तर आपली कौशल्यं आणखी कुठे चालतील हेही तिथं दिसतं.

मग शोधाच्या चौकटीत दोन शब्द अवतरणचिन्हांत घातले की ते जोडीनंच शोधले जातात. अनेक साइटवर ‘किंवा’ आणि ‘वगळून’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द (OR, NOT) कॅपिटल अक्षरांत लिहूनही शोध नेमका करता येतो. जमलेला शोध सेव्ह करून अलर्ट लावा आणि ‘गेल्या २४ तासांत’ हा फिल्टर वापरा. पहिल्या एक-दोन दिवसांत पोचलेला अर्ज वाचला जायची शक्यता बरीच जास्त असते.

सॉफ्टवेअर रेझ्युमे वाचतं आणि माणसानं बघायच्या आतच नाकारतं, हे खरं का?

अर्धवट खरं. मोठ्या कंपन्यांत अर्ज एका सॉफ्टवेअरमध्ये जमा होतात, त्याला एटीएस म्हणतात. ते रेझ्युमेतून नाव, शिक्षण, अनुभव वेगळा काढून रकान्यांत भरतं. मग रिक्रूटर, म्हणजे भरती बघणारा माणूस, त्यात शब्द टाकून शोधतो, जसे आपण मेल शोधतो तसे. आपोआप नकार येतो तो बहुधा अर्जातल्या थेट प्रश्नांमुळे: काम करायचा परवाना आहे का, अमुक लायसन्स आहे का. तिथं ‘नाही’ म्हटलं की विषय तिथंच संपतो, रेझ्युमे कितीही सुंदर असो.

तरी रेझ्युमे यंत्राला वाचता यायला हवा. एक सोपी चाचणी करा. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. ओळी एकमेकांत घुसल्या, फोन नंबर गायब झाला किंवा काहीच पेस्ट झालं नाही, तर यंत्रालाही तेच दिसतंय असं समजा. दोन कॉलम, तक्ते, कौशल्यांचे रंगीत पट्टे आणि पानाच्या अगदी वरच्या हेडरमध्ये टाकलेला संपर्क ही नेहमीची कारणं. पांढऱ्या अक्षरात कीवर्ड लपवायची युक्ती अजूनही कुणीतरी सांगत असतं. तो मजकूर रकान्यांत उघड दिसतो आणि तुमची अब्रू जाते.

यंत्र निःपक्षपाती असतं असंही समजू नका. ॲमेझॉननं २०१४ पासून रेझ्युमेंना गुण देणारी एक प्रणाली बनवायला घेतली होती. आधीच्या दहा वर्षांत आलेल्या अर्जांवर ती शिकली. ते अर्ज बहुतांश पुरुषांचे होते, त्यामुळे रेझ्युमेत महिलांशी संबंधित शब्द आला की ती गुण कापू लागली. प्रकल्प गुंडाळला गेला आणि २०१८ मध्ये रॉयटर्सनं ही गोष्ट उघड केली. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्यात भरतीसाठी वापरलेली एआय ‘उच्च जोखमी’च्या यादीत आहे, त्यामागे असलेच अनुभव आहेत.

रेझ्युमे एआयकडून लिहून घेतला तर चालेल?

मदत घ्या, लिहून घेऊ नका. जाहिरात आणि तुमचा रेझ्युमे समोर ठेवून ‘यातलं काय माझ्याकडे आहे पण मी लिहिलेलं नाही?’ असं विचारलं तर उत्तर कामाचं येतं. ‘छान करून दे’ म्हटलं की जे येतं ते त्या दिवशी आलेल्या निम्म्या अर्जांसारखं असतं. शिवाय ते न केलेली कामंही भरतं. मुलाखतीत ‘हे तुम्ही नेमकं कसं केलंत?’ असं विचारलं की माणूस आपल्याच रेझ्युमेकडे परक्यासारखा बघू लागतो. मी हे दोनदा पाहिलंय आणि दोन्ही वेळा लाज मलाच वाटली.

लिंक्डइन प्रोफाइलमध्ये कशावर मेहनत घ्यावी?

नावाखालच्या ओळीवर. तिथं २२० अक्षरं मिळतात आणि शोधात, मेसेजमध्ये, कमेंटखाली सगळीकडे ती ओळ तुमच्याबरोबर फिरते. ‘नव्या संधीच्या शोधात’ असं लिहून ती वाया घालवू नका. कोणी तो वाक्प्रचार टाकून माणूस शोधत नाही. काय काम करता आणि कुठल्या क्षेत्रात, ते लिहा.

‘अबाउट’मध्ये २,६०० अक्षरं असली तरी आधी पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात. बाकीचं ‘आणखी वाचा’खाली जातं, तेव्हा महत्त्वाचं वर आणा. अनुभवात जबाबदाऱ्यांची जंत्री नको. तुम्ही आल्यावर काय बदललं ते लिहा. ‘ग्राहकांच्या तक्रारी हाताळल्या’ याऐवजी ‘तक्रारींच्या नोंदीची पद्धत बदलली, त्यामुळे तीन दिवसांचं उत्तर एका दिवसावर आलं’. आकडा खरा असेल तरच लिहा. रोज पोस्ट टाकायची सक्ती कुणी केलेली नाही, ज्यांना आवडतं त्यांनी टाकाव्यात.

आत्ताच्या ऑफिसला कळू न देता शोधता येईल का?

बऱ्याच अंशी येईल. लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’ (नोकरी शोधतोय ही खूण) फक्त रिक्रूटरना दिसेल असं ठेवता येतं, फोटोभोवतीची हिरवी पट्टी टाळता येते. तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण पूर्ण गुप्ततेची हमी देत नाही, आणि हे तिथंच लिहिलेलं असतं. ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा मेल, ऑफिसचं वायफाय या कामासाठी वापरू नका. आणि सहा महिने झोपलेली प्रोफाइल एका रात्रीत चकचकीत करू नका. शेजारच्या टेबलावरच्याला तेवढा इशारा पुरतो. हळूहळू बदला.

अनोळखी माणसाला मेसेज करायला संकोच वाटतो. खरंच काही उपयोग होतो का?

होतो, आणि याला आधारही आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये छापून आलेल्या अभ्यासासाठी ओळखीतून नोकरी मिळालेल्या माणसांना विचारलं होतं की ज्यानं माहिती दिली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा. ‘नेहमी’ म्हणणारे जेमतेम १६.७ टक्के निघाले. ५५.६ टक्के म्हणाले ‘अधूनमधून’, २७.८ टक्के म्हणाले ‘क्वचित’. कारण सरळ आहे. जवळच्या मित्रांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. नवी बातमी लांबच्या वर्तुळातून येते.

२०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याचीच मोठी चाचणी छापून आली. लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक वापरकर्त्यांवर पाच वर्षांत झालेल्या प्रयोगांचा तो अभ्यास होता. त्यात थोडी दुरुस्ती निघाली: सर्वात उपयोगी पडतात त्या मध्यम कच्च्या ओळखी, म्हणजे काही जण दोघांच्याही ओळखीचे आहेत पण आपलं रोजचं बोलणं नाही, अशा. अगदीच परका माणूस तितका उपयोगी पडत नाही. म्हणजे सुरुवात कुठून करायची तेही कळलं: कॉलेजातले पुढच्या-मागच्या वर्षांचे, जुन्या ऑफिसच्या दुसऱ्या विभागातले, मित्राचे सहकारी.

मेसेज छोटा हवा आणि त्यात नोकरी मागायची नाही. साधारण असा:

‘नमस्कार. आपण एकाच कॉलेजचे, मी तुमच्या दोन वर्षं मागे होतो. तुम्ही अकाउंट्समधून डेटा ॲनालिसिसकडे गेलात असं प्रोफाइलवर दिसलं, मीही तेच करायच्या विचारात आहे. सुरुवातीला सर्वात अवघड काय गेलं, एवढंच विचारायचं होतं. पंधरा मिनिटं फोनवर बोलता आलं तर फार मदत होईल. वेळ नसेल तर दोन ओळींचं उत्तरही चालेल.’

दहा जणांना लिहिलं तर दोघं-तिघं उत्तर देतील, बाकीचे गप्प राहतील. गप्प राहणाऱ्यांचं मनावर घेऊ नका. दहा दिवसांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या. बोलणं झालं, सूर जुळला, आणि नंतर तिथं जागा निघाली, तेव्हा रेफरन्स मागा. तेव्हा तो मागणं अवघड जात नाही.

जाहिरातीत पाच वर्षांचा अनुभव मागितलाय, माझा तीन वर्षांचा आहे. अर्ज करू?

करा. ती इच्छायादी असते, लिहिणाऱ्यालाही ते माहीत असतं. ‘अनिवार्य’ लिहिलेल्या परवान्यांच्या आणि पदव्यांच्या बाबतीत मात्र हे लागू नाही.

एक जागा चार महिन्यांपासून दिसतेय. खरी असते का?

काही वेळा जागा कधीच भरलेली असते आणि जाहिरात काढायची राहून गेलेली असते. काही कंपन्या माणसं लगेच नको असतानाही पुढच्यासाठी अर्ज जमवत राहतात. कंपनीच्या स्वतःच्या पानावर ती जागा नसेल तर सोडून द्या. असेल तर आधी आतल्या कुणाला विचारा, मगच वेळ घाला.

नोकरी द्यायच्या आधी पैसे मागताहेत. द्यावेत का?

नाही. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट, पडताळणीची फी, नाव काहीही असो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या करार क्रमांक १८१ मधला सातवा अनुच्छेद सांगतो की खासगी नोकरी एजन्सीनं कामगाराकडून थेट किंवा आडून फी घेऊ नये, काही ठरावीक अपवाद सोडून. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही, पण प्रामाणिक कंपनी कशी वागते याचं माप म्हणून तो पुरेसा आहे. खर्च माणूस हवा असणाऱ्याचा असतो.

फसवणुकीचे प्रकार मात्र आता फक्त फी मागण्यावर थांबलेले नाहीत. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर कुणीतरी ‘दिवसाला अर्धा तास काम’ देतो: व्हिडिओ लाइक करा, हॉटेलांना रेटिंग द्या. सुरुवातीला थोडे पैसे खरंच येतात आणि तिथंच माणूस फसतो. मग ‘पुढचा टास्क उघडायला’ स्वतःचे पैसे भरायला लावतात, ते परत येत नाहीत. दुसरा प्रकार: मुलाखत फक्त चॅटवर, तासाभरात ऑफर लेटर आणि लगेच बँकेची माहिती, ओळखपत्राचे फोटो, ओटीपी. ओटीपी कुठल्याच भरतीला लागत नाही. प्रोग्रामरसाठी वेगळा सापळा असतो. ‘चाचणी’ म्हणून कोड डाउनलोड करून चालवायला सांगतात आणि त्यात पासवर्ड चोरणारा प्रोग्राम असतो. परका कोड स्वतःच्या मशीनवर चालवू नका, व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवा.

सर्वात भयंकर प्रकार परदेशी नोकरीचा. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं ऑगस्ट २०२३ च्या अहवालात म्हटलं की म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसं कोंडून ठेवून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतली जात असावीत. यातली कितीतरी माणसं चांगल्या पगाराच्या ऑनलाइन जाहिराती बघून गेलेली होती आणि त्यांत शिकलेसवरलेलेही होते. परदेशातली ऑफर असेल तर कंपनीच्या अधिकृत क्रमांकावर स्वतः फोन करा. पर्यटक व्हिसावर जाऊन कामाला लागायला सांगत असतील तर जाऊ नका. पासपोर्ट कुणाच्या हातात देऊ नका.

तपासायचं कसं? मेलचा पत्ता कंपनीच्या खऱ्या डोमेनचा (@ नंतरचा भाग) आहे का ते अक्षर-अक्षर बघा, एखादं अक्षर बदललेलं असतं. डोमेन कधी नोंदवलं ते हूइज शोधात दिसतं. ‘पंचवीस वर्षं जुन्या’ कंपनीचं डोमेन गेल्या महिन्यातलं असेल तर समजून जा. पैसे गेलेच तर लाजेनं गप्प बसू नका. पहिला फोन बँकेला, मग पोलिसांच्या सायबर विभागाला. पहिले काही तास मोलाचे असतात.

पगाराची अपेक्षा विचारतात तेव्हा काय सांगायचं?

आधी शोध घ्या. ग्लासडोअरवरचे आकडे लोकांनीच भरलेले असतात, त्यामुळे कमी नोंदी असतील तर फार विश्वास ठेवू नका. त्याच शहरातल्या तशाच जाहिराती बघा, त्या क्षेत्रातल्या दोघांना विचारा. मग एक पट्टा सांगा, आणि त्याचं खालचं टोक असं ठेवा की तेवढंच मिळालं तरी तुम्ही आनंदानं जाल. त्यांना तेच टोक ऐकू जातं.

ऑनलाइन कोर्सच्या सर्टिफिकेटला किंमत असते का?

सर्टिफिकेटला थोडी, त्यातून केलेल्या कामाला बरीच. कोर्सेरा आणि एडएक्स दोन्ही २०१२ मध्ये आले, तेव्हापासून नामांकित विद्यापीठांचे कोर्स घरबसल्या मिळतात. पण प्रोफाइलवर चौदा सर्टिफिकेट आणि दाखवायला एकही काम नाही, असं दिसलं की बघणाऱ्याला शंका येते. एक कोर्स घ्या, पूर्ण करा आणि त्यातून आपलं असं काहीतरी बनवा. कोर्समध्ये दिलेला नमुना प्रकल्प नको, तो सगळ्यांकडे असतो. काही कोर्स परीक्षा आणि सर्टिफिकेट वगळून फुकट बघता येतात. विषय झेपतोय का ते आधी तसं तपासा. सर्टिफिकेटला खरंच वजन असतं ती क्षेत्रं वेगळी: क्लाउड, नेटवर्किंग, अकाउंटिंग, प्रोजेक्ट मॅनेजमेंट. जाहिरातींत नावानं मागणी दिसली तरच त्यावर पैसे घाला.

फ्रीलान्सिंगनं सुरुवात करावी का?

करता येते, पण पहिले दोन-तीन महिने हाताला फार लागणार नाही असं धरून चाला. इलान्स आणि ओडेस्क एकत्र होऊन २०१५ मध्ये अपवर्क हे नाव पडलं, फायवर २०१० चं. अपवर्कवर तुम्ही कामावर बोली लावता, फायवरवर तुमची सेवा मांडून ठेवता. पहिले चार-पाच चांगले रिव्ह्यू येईपर्यंतच घाट चढायचा असतो, म्हणून सुरुवातीला छोटी कामं घ्या. ठरावीक रकमेच्या कामात ग्राहकानं पैसे आधी साइटकडे जमा केलेत का ते बघूनच हात लावा. ‘फी वाचवू, बाहेर बोलू’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. ते नियमांविरुद्ध तर आहेच, शिवाय पैसे बुडाले तर साइट हात वर करते.

कॅमेऱ्यासमोर एकट्यानं बोलायची रेकॉर्डेड मुलाखत कशी द्यायची?

विचित्रच वाटते, सगळ्यांना वाटते. फोनवर तीनदा सराव करा, लेन्सच्या बाजूला एखादा फोटो चिकटवा आणि त्याच्याशी बोला. खिडकी समोर असावी, पाठीमागे नको.

मुलाखत चांगली झाली, मग शांतता. किती थांबायचं?

त्यांनी सांगितलेल्या दिवसानंतर दोन कामाचे दिवस. मग एक मेल, आठवड्यानं दुसरा, त्यानंतर बंद. तोवर बाकीचे अर्ज थांबवू नका. ‘तिथलं जवळपास पक्कंच आहे’ म्हणून हातातल्या दोन मुलाखती सोडून देणारी माणसं मी पाहिली आहेत.

मध्ये दोन वर्षं काम नव्हतं. ते लपवू?

नको. एका ओळीत लिहा: ‘कुटुंबातील आजारपणासाठी विराम’ किंवा जे असेल ते. लिंक्डइनवर अशा विरामासाठी २०२२ पासून वेगळा पर्यायही आहे. तारखा ताणून पोकळी भरली तर पार्श्वभूमी तपासणीत सापडते आणि आलेली ऑफर परत जाते.

नोकरी लागली. आता खाती बंद करू का?

लिंक्डइन ठेवा, नोकरीची वेळ आल्यावर ओळखी जमवायला निघणं फार उशिराचं असतं. बाकी ठिकाणचा रेझ्युमे ‘खासगी’ करा, अलर्ट महिन्यातून एकदा येईल असे करा, घरचा पत्ता आणि जन्मतारीख काढून टाका. न वापरायच्या साइटवरून नुसतं ॲप काढू नका, खातं डिलीट करा. ॲप काढल्यानं तुमची माहिती तिथून जात नाही. अकरा वर्षांपूर्वी एका साइटवर टाकून विसरलेल्या रेझ्युमेवरून मला अजून फोन येतात. परवाच एकीनं फार आपुलकीनं विचारलं, की फ्रेशर म्हणून रात्रपाळीला यायला जमेल का.